औट म्हणणारे काका

रेषेवर इतका विश्वास ठेवणारा माणूस रोहा तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं. दोन झाले असते तर तालुक्याचे व्यवहार बंद पडले असते. हे आमच्या आत्याचे यजमान. मी त्यांना काका म्हणतो. नोकरीने ते धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, आणि वर्षातला एक आठवडा पुण्यात टेनिसचे लाइन अंपायर. तिथे देशोदेशीचे व्यावसायिक खेळाडू यायचे आणि आमचे काका मागच्या रेषेपाशी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, चेंडू बाहेर पडला की 'औट' असं ओरडायचे. उरलेलं वर्ष त्या आठवड्याची वाट बघण्यात किंवा त्याच्या गोष्टी सांगण्यात जायचं. पुणं म्हणजे त्यांच्या लेखी एक कोर्ट आणि त्याच्या आजूबाजूला उगीच वाढलेली वस्ती. शनिवारवाडा त्यांनी अजून पाहिलेला नाही.

काकांनी जन्मात रॅकेट धरलेली नाही. कंपनीच्या कॉलनीत साहेबलोकांसाठी कोर्ट होतं, साहेबलोक प्रत्येक चेंडूवरून भांडायचे, म्हणून एका रविवारी शिफ्ट सुटून घरी निघालेल्या काकांना त्यांनी रेषेवर उभं केलं. मला विचाराल तर ही निव्वळ वेठबिगारी आहे आणि तसं मी काकांना तोंडावर सांगितलंय. त्यांना ती बढती वाटली होती. साहेबाला 'औट' म्हणायचं आणि वर साहेबाने मान डोलवायची, असं दुसरं काम धाटावात नव्हतं. पुढे त्यातल्याच एका साहेबाने सुचवलं म्हणून काकांनी अंपायरची परीक्षा दिली, पास झाले आणि पुण्याहून बोलावणं आलं. पहिल्या दिवशी ते निळं, टणक, लख्ख झाडलेलं कोर्ट बघून काकांनी कडेला बूट काढून ठेवले आणि मोज्यांवर आत गेले. खळ्यात पायताण घालून कोण जातं? तिथल्या मुख्य अंपायरला हे कळेना. काकांनी त्याला खळं म्हणजे काय, झोडणी म्हणजे काय, धान्याला पाय का लावू नये, हे सगळं बैजवार सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बूट घालायला लावले. काका अजून म्हणतात, "माणूस चांगला होता, पण शेती नाय त्याच्याकडं."

लाइन अंपायरचा नियम असा की चेंडू बाहेर गेला तरच तोंड उघडायचं. आत पडला तर गप्प. फारच रेषेजवळ असेल तर दोन्ही तळवे जमिनीकडे धरून दाखवायचे, म्हणजे चालेल. हा नियम काकांनी संसाराला लावला. आत्याच्या वालाच्या बिरड्याला लग्नापासून दाद म्हणून मिळालेली नाही. मीठ जास्त पडलं की 'औट', नाहीतर शांतता. पाहुण्यांसमोर फार तर तळवे. स्त्रियांच्या घरकामाला किंमत नसण्याबद्दल मी एकदा त्यांच्याच पंगतीत बोलायला उभा राहिलो. आत्या म्हणाली, "गप हायत ना ते? मग बरं झालंय. बस तू, जेव."

गावात त्यांच्या या विद्येचा एकदाच उपयोग झाला, तोही भलत्याच वाटेने. दोन चुलतभावांचा बांधावरून वाद होता. एकाने पावसाळ्यात बांध हातभर सरकवला, असं दुसऱ्याचं म्हणणं. पुण्यात परदेशी लोकांचा निवाडा करणारा माणूस गावातच आहे म्हटल्यावर काकांना नेलं. काका बांधाच्या टोकाला वाकून उभे राहिले, बराच वेळ टक लावून बघितलं, आणि मग दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. टेनिसमध्ये याचा अर्थ एवढाच की मला दिसलं नाही, मी निकाल देऊ शकत नाही. बांध सरकला तेव्हा काका तिथे नव्हते, मग कसे देणार? पण भावांना वाटलं, काका रडतायत. सख्ख्या भावांची लेकरं मातीवरून भांडतायत हे त्यांना बघवत नाही. मोठा भाऊ गहिवरला, "काका, नका रडू, घेऊ दे त्याला हातभर." धाकटा म्हणाला, मला नको, दादालाच राहू दे. काकांनी हात खाली घेतले तोवर दोघे गळ्यात पडले होते. त्या दोघांना खरा अर्थ आजही कोणी सांगितलेला नाही.

पुण्याचा आठवडा नेमका पोपटीच्या दिवसांत यायचा. शेतात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून जाळ करायचा, आणि त्याला काका नाहीत, हे आम्ही धरूनच चालायचो. गेल्या हिवाळ्यात मी पेणहून रोह्याला गेलो तर काका जाळाशेजारी बसून शेंगा सोलत होते. आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की यंदा बोलावणं नाही. रेषेवर आता कॅमेरे बसवलेत, यंत्रच ओरडतं, माणसं लागत नाहीत. पुढेही लागणार नाहीत. शेंगा चांगल्या लागल्या होत्या बहुतेक, कारण काका काहीच बोलत नव्हते.

आम्ही पेणला महामार्गाच्या खड्ड्यांवर पत्रकं काढतो, त्यामुळे हात सरावलेला आहे. दोन दिवसांत पत्रक लिहून मी काकांसमोर ठेवलं. सुरुवातच सणसणीत होती: 'चुकणारे यंत्र लादून अनुभवी माणसाला हाकलणाऱ्यांचा धिक्कार असो!' काकांनी चष्मा लावून वाचलं.

"औट," ते म्हणाले.

"काय औट?"

"यंत्र चुकतं, हे तू बघितलंस?"

मी म्हटलं, काका, पत्रकात असंच लिहायचं असतं. ते म्हणाले, "मी चुकलोय. मला म्हाईत हाय कधी कधी ते. यंत्राचं मला म्हाईत नाय. बघून येऊ, मग लिही."

म्हणून एसटीने पुण्याला गेलो. काकांनी पहिल्यांदाच तिकीट काढून ती स्पर्धा पाहिली. प्रेक्षकांत त्यांना बसता येईना. चांगल्या फटक्याला सगळे टाळ्या वाजवत आणि हे हात मांडीखाली दाबून बसलेले, अंपायरने टाळी वाजवायची नसते म्हणून. चेंडू रेषेकडे आला की पुढे झुकायचे, छाती भरून घ्यायचे, आणि तेवढ्यात भोंग्यातून कोणाचा तरी आधीच भरून ठेवलेला आवाज 'आउट' म्हणायचा. काका भरलेला श्वास हळूहळू सोडून द्यायचे. असं दोन सामने चाललं. माझ्या खिशात पेन होतं. कुठे चुकलं का, म्हणून मी विचारलं.

"नाय," काका म्हणाले. "सगळे बरोबर दिले. त्यातला एक तर मी आत दिला असता."

म्हणजे पत्रक संपलंच. चिडायला कोणी उरलं नाही याचाच मला राग आला होता. लोक उठून चहाला गेले, पण काका बसूनच राहिले. खाली दोघंतिघं पोरं चेंडू गोळा करत होती. रेषांच्या मागे, जिथे ओळीने माणसं वाकून उभी असायची, तिथे नुसतं निळं रिकामं होतं, पार भिंतीपर्यंत.

"कोर्ट केवढं मोठं दिसतंय रे," काका म्हणाले.