माशाच्या जाळीवरचे सर्व्हर

जपानमधल्या ग्योतोकुला येण्याआधी मी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. ग्योतोकुला आल्यावर कचरा सांभाळू लागले. जळणारा कोणता, न जळणारा कोणता, बाटल्या कुठल्या वारी बाहेर ठेवायच्या, हे खातं माझ्याकडे होतं. नवरा सकाळी तोयोसुच्या ऑफिसला जायचा, मुलगी बालवाडीत.

काही वर्षांनी मी नोकरी शोधायला लागले. नोकरी लावून देणारा एजंट फोनवर म्हणाला, तुमचा अनुभव चांगला आहे, पण आता जुना झालाय. दह्याबद्दल बोलावं तितक्या सहज तो हे बोलला.

मग पुन्हा शिकायचं ठरवलं. त्यासाठी दोन-तीन सर्व्हर हवेत, आणि आमच्या घरात कपडे वाळत घातले की माणसांनाही जागा उरत नसे. नवऱ्याचा एक जुना लॅपटॉप होता. त्यात मी जास्तीची मेमरी बसवली आणि सॉफ्टवेअरने आतल्या आत तीन कॉम्प्युटर उभे केले. एक लोकांना आत घेणारा, एक त्यांची मेल पोचवणारा, आणि तिसरा या दोघांना दिवसभर त्रास देणारा. लोक नव्हतेच. तेही मीच होते.

लॅपटॉप इतका तापायचा की मांडीवर धरवत नसे. जपानी शेगडीत मासे भाजायचा एक कप्पा असतो. आम्ही शाकाहारी, त्यामुळे त्यातली जाळी कोरी पडून होती. ती लॅपटॉपखाली ठेवली. खालून हवा खेळू लागली आणि मशीन अचानक बंद पडायचं थांबलं.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई आल्या. तातामीची, म्हणजे गवती चटयांची खोली त्यांना दिली आणि मी लॅपटॉप घेऊन ओट्यापाशी आले. तिथून मुलीच्या पोहण्याच्या क्लासबाहेरच्या बाकावर, तिथून वाचनालयात. जिथे जाईन तिथे जाळी बरोबर असायची.

सासूबाईंनी एकदा विचारलं, यात नेमकं काय चाललंय. मी सांगितलं, एका घरात तीन बिऱ्हाडं आहेत, पण प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच आहे.

"मग भांडणं होत असतील," त्या म्हणाल्या.

होत होती. मेमरीवरूनच.

शेवटी तोयोसुच्या एका टॉवरमधल्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं. समोर काचो, म्हणजे विभागप्रमुख, आणि त्यांच्या शेजारी गप्प बसणारा एक इंजिनीअर. मधल्या वर्षांत काय केलंत, असं काचोंनी विचारलं. सांगण्यापेक्षा दाखवते म्हटलं. पिशवीतून आधी जाळी काढली, ती टेबलावर ठेवली आणि तिच्यावर लॅपटॉप. दोघांनी जाळीकडे पाहिलं.

पहिला सर्व्हर उठला, दुसरा उठला, तिसरा उठेना. मेमरी पुरत नव्हती.

"शोशो ओमाची कुदासाई," मी म्हणाले. कृपया जरा थांबा. दुकानांतून हे वाक्य रोज ऐकत होते, स्वतः म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली. पहिल्या दोघांना बंद केलं, त्यांची थोडी थोडी मेमरी काढून तिसऱ्याला दिली आणि सगळे पुन्हा चालू केले. तेवढा वेळ खोलीत फक्त लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज होता. ते दोघे शांतपणे वाट बघत होते. या देशात ते सगळ्यांनाच येतं.

तिसरा उठल्यावर काचोंनी एकच प्रश्न विचारला, जाळी कशासाठी.

"हवा खेळावी म्हणून," मी म्हणाले. "आम्ही मासे खात नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी भाजी घेऊन घरी आले, तर सासूबाई म्हणाल्या की कुणाचा तरी फोन येऊन गेला. काय म्हणाले, असं मी विचारलं.

"मला काय कळणार? जपानीत बोलत होता. फार नम्र माणूस होता गं, म्हणून मी होकार देऊन टाकला."

नातीने त्यांना एक जपानी शब्द शिकवला होता, 'हाय', म्हणजे हो. समोरचा थांबला की त्या 'हाय' म्हणत गेल्या. संध्याकाळी एजंटाची मेल आली. फोनवर ठरल्याप्रमाणे मी सोमवारपासून रुजू होतेय याचा त्याला आनंद झाला होता. मेल वाचून नवरा म्हणाला, "आईने पगार तरी विचारायचा."

सोमवारी मी गेले. गप्प बसणारा तो इंजिनीअर मला सर्व्हरच्या खोलीत घेऊन गेला. आत थंडी होती, उंच कपाटांच्या रांगा होत्या आणि शेकडो पंख्यांचा तो एकसुरी आवाज, जो पुणं सोडल्यापासून मी ऐकला नव्हता. तो काय काय समजावत होता आणि मी नुसती तो आवाज ऐकत उभी होते. त्याला वाटलं, मला काही कळलेलं नाही. त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. मीही पुन्हा ऐकून घेतलं.