ह्यांना मी डावखुरं केलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. पुण्यात माझी सख्खी बहीण आहे, तिला माझ्या कवळीपासून सगळं ठाऊक आहे — पण हे तिलाही नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? नीट कळत नाही. मध्येच कंटाळून उठून गेलात तरी माझी हरकत नाही. मी मात्र थांबणार नाही, कारण थांबले की मी गिळून टाकते. सराव आहे मला त्याचा.

परवाचं निमित्त झालं. मी सध्या मुलाकडे असते, मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमध्ये. माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून विम्याचा कसलासा फॉर्म भरायचा होता. नात इरा लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक प्रश्न विचारत होती. जिना चढता येतो का? येतो की! डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे स्वतःचे स्वतः घालता येतात का? हो, येतात. इरानं मान वर करून माझ्या पायांकडे पाहिलं. सकाळी तिनंच ते चढवले होते, चांगली पाच मिनिटं झटापट करून.

"आजी," ती तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "तू फॉर्ममध्ये खोटी बोलते?"

मी हसले. चेष्टेवारी नेलं. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन, डब्यांची लागलेली झाकणंच पुन्हा लावत बसले.

आता ती बाई तुमच्यापुढे उभी करते. पंधरा वर्षांपूर्वीची. वादी कबीरच्या एका शाळेत शिकवायची. कडक इस्त्रीची साडी, त्यावर मॅचिंग पर्स, आणि नाक असं वर की छताच्या पंख्याला लागावं. मुलं तिला घाबरायची आणि ती लोकांना घाबरायची — म्हणजे लोक काय म्हणतील ह्याला. सगळ्या बिल्डिंगचे फॉर्म तीच भरायची. कुणाचा शाळाप्रवेशाचा, कुणाचा पासपोर्टचा. "फॉर्म भरण्यात बाईंचा हात कुणी धरणार नाही," असं लोक म्हणायचे आणि ही फुगायची. मी, म्हणजे. ही फुगणारी बाई मीच. ती कुणी दुसरी असती तर किती सोयीचं झालं असतं!

आमचे हे एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. ऑफिसात कॉम्प्युटर आले तरी पहिला आराखडा हे पेन्सिलीनंच काढायचे. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी ह्यांच्याच कागदावर आधी उभं राहायचं. एका सकाळी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि बोलणं — बोलणं होतं, पण प्रत्येक शब्द लांबून चालत यायचा.

कंपनीचा विमा होता. माणूस कायमचा कामाला मुकला तर त्यांच्याकडून रक्कम मिळायची. ती मिळाली की पुण्याला परत जायचं आमचं ठरलं होतं. नणंदेच्या शेजारचा तळमजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवला होता. मी नोकरी सोडणार होते. व्यायाम करून घेणारा माणूस रोज घरी येणार होता. माझ्यापेक्षा ह्यांचीच घाई होती. भाच्याला फोनवर सांगायचे, "येतो... येतो... लवकर."

अर्ज मीच भरला. पण तो फॉर्म उलटा होता हो! आयुष्यभर आपण काय येतं ते लिहितो — मार्क, अनुभव, भाषा अवगत. हा विचारत होता, काय येत नाही? जेवता येत नाही का? आंघोळ? संडासला कुणी न्यावं लागतं का? मी पेन घेऊन बसले आणि माझ्या हातून ते लिहवेना. मोघम काहीतरी लिहिलं. म्हटलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहेच की जोडीला.

मग फोन आला, विम्याचा माणूस घरी येऊन बघून जाईल.

बघून जाईल! हे दोन शब्द ऐकले आणि त्या बाईनं काय करावं? तिनं बघण्याचा कार्यक्रम मांडला. खरंच सांगते. दिवाणखान्यातला वॉकर बाल्कनीत नेऊन त्यावर चादर टाकली. ह्यांची संडासची प्लास्टिकची खुर्ची शेजारच्या मल्याळी बाईंकडे ठेवायला दिली. ह्यांची गुळगुळीत दाढी केली, पांढरा शर्ट घातला, एकूण एक बटण मी लावलं, कफाचीसुद्धा. उजवा हात उचलून खुर्चीच्या हातावर असा मांडला की वाटावं, हे आत्ताच तिथे टेकवून बसलेत. पोहे केले. खजूर, कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी. मुलगी खपवायची होती ना मला!

आणि हे सगळं कशासाठी? तर हा माणूस धड नाही, हे पटवून द्यायच्या दिवशी.

खालिद नावाचा तरुण होता. ओमानी, पण घराणं बलुची, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा साफ. मोठा अदबशीर. तो ह्यांना विचारायचा आणि ह्यांचं उत्तर ओठांपर्यंत पोचायच्या आत मी देऊन मोकळी. कपडे? खुद पहनते हैं. चलना? थोडा धीरे, बस. हे माझ्याकडे बघायचे, मग त्याच्याकडे बघून हसायचे. ह्यांचं हसू फार छान होतं. एका बाजूनं उतरलेलं, तरी छान.

मग खालिदनं स्वतः खजुराची बशी उचलून ह्यांच्यापुढे धरली. आणि ह्यांनी डावा हात पुढे केला.

तुम्ही ओमानमध्ये राहिला असाल तर सांगायला नको. डाव्या हातानं इथे कुणी खात नाही, घेत नाही, देत नाही. आपल्याकडेही हे आहेच. खालिदच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा उमटलं नव्हतं, तो बिचारा समजून होता. पण माझे कान तापले. परक्या माणसापुढे डावा हात! आणि त्या बाईच्या तोंडून निघून गेलं —

"ये तो बचपन से लेफ्टी हैं."

"अच्छा?" तो म्हणाला. "ड्रॉइंग भी लेफ्ट से?"

"हाँ हाँ. सब लेफ्ट से."

मला त्या वेळी कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण त्याचं पेन कागदावर फिरताना मी पाहिलं. एक ओळ. मी पाहिली, आणि विचारलं, "और थोड़ा कहवा?"

काही आठवड्यांनी पत्र आलं. ह्यांना तेव्हा वाचताना अक्षरं एकमेकांत गुंतायची, म्हणून पत्रं मीच वाचून दाखवायचे. अर्ज नामंजूर. अर्जदाराचा कामाचा हात डावा असून तो शाबूत आहे, सबब ते आपलं काम करू शकतात. आणि खाली छापलेलं होतं — माहितीत चूक असल्यास महिन्याच्या आत अपील करावं, कंपनीचं पत्र जोडावं.

एका पत्राचं काम होतं. हे उजव्या हातानं काम करायचे, एवढंच ह्यांच्या साहेबांनी लिहायचं. सगळं ऑफिस जाणत होतं. पण ते पत्र मागायचं म्हणजे डावखुरं कुणी म्हटलं तेही सांगायला लागणार. साहेबांची बायको आमच्या मंडळात. तिची मुलगी माझ्या वर्गात. बाई खोटं बोलल्या, तेही खजुरावरून!

मी पत्राची घडी घातली. म्हटलं, "नाही म्हणतायत हो."

"का?" ह्यांनी विचारलं.

आणि आता ऐका. इथवर तुम्ही कदाचित म्हणत असाल, घाबरट होती, चुकली बिचारी. पण हा खरा माझा गुन्हा. मी म्हटलं, "तुम्ही त्याच्याशी फार हसून बोललात. त्याला वाटलं, तुम्ही बरे आहात."

ह्यांनी माझ्या हातातल्या घडीकडे पाहिलं. मग विचारलं, "अपील?"

"नाही करता येत."

महिना संपायला अजून पंचवीस दिवस होते.

कंपनीनं हलकं काम देऊ केलं, ते ह्यांना जमलं नाही. राजीनामा द्यावा लागला. माझी नोकरी सुटायची ती लांबली — सहा वर्षं. माझ्या व्हिसावर हे राहिले. सकाळी मी शाळेच्या बसमध्ये बसायची, हे खिडकीशी. खाली गॅरेजं होती. दुपारी दोनपर्यंत हे गाड्या वर चढलेल्या आणि खाली उतरलेल्या बघायचे. टेबलावर मी भाजी-भात कालवून ठेवलेला असायचा, आणि चमचा. माझ्या वर्गातल्या मुलांच्या चार रेघी वहीत हे डाव्या हातानं अ, आ, इ गिरवायचे. संध्याकाळी मी ते तपासायची, लाल पेनानं. बरोबरची खूण करायची.

आणि घरी कुणी आलं की हे हसायचे नाहीत. अगदी कुणीही — दूधवाला, शेजारी, मुलाचे मित्र. आलेल्या माणसाकडे गंभीर तोंडानं बघत राहायचे. लोक म्हणायचे, आजारानं स्वभाव बदलला. मीही म्हणायचे. पण मला ठाऊक होतं ना.

इराच्या बारशाला भटजींनी ह्यांच्यापुढे तीर्थाची पळी धरली. ह्यांनी डावा हात पुढे केला. "काका, उजवा," भटजी म्हणाले. हे थांबले. शब्द लांबून चालत आले.

"मी... लहानपणापासून डावखुरा. हिला विचारा."

मुलगा मोठ्यानं हसला. बाबा किती दिवसांनी विनोद करतायत! सगळेच हसले. हे हसले नाहीत. माझ्याकडे बघत होते. आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "हो हो, लहानपणापासून." सगळे आणखी हसले.

ह्यांना पत्रातलं कळलं होतं का? कुणाकडून वाचून घेतलं होतं? की खजुराचा तो दिवसच नुसता मनात राहिला होता? मी विचारलं नाही. त्यानंतरही बरीच वर्षं आम्ही एका टेबलाशी जेवलो. विचारलं नाही. मग एके दिवशी विचारायला हे राहिले नाहीत.

पत्र माझ्याकडे आहे. कुकर, मिक्सरच्या गॅरंटी कार्डांच्या पिशवीत. तिथे कुणी हात घालत नाही.

परवा झाकणं लावून झाली आणि मी बाहेर आले, इराला मोज्यांचं उत्तर बदलायला लावलं. त्यानं झालेलं काही बदलत नाही, हे मला कळतं.

हे उजव्या हातानं जेवायचे. उजव्या हातानं लिहायचे, उजव्या हातानं पेन्सिल धरायचे, आणि रेघ मारताना श्वास रोखून धरायचे. अपिलात लिहायचं होतं ते एवढंच.