बसमध्ये राहिलेली फुलांची छत्री

ती छत्री मी बसमध्ये विसरले नव्हते. सीटखाली सरकवून उतरले होते. आज पंचावन्नाव्या वर्षी एवढी दोन वाक्यं लिहायला मला सकाळची दुपार झाली.

आम्ही तेव्हा कांदिवलीच्या चाळीत राहायचो. मी नववीत, ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला मस्कतचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा पुढच्या महिन्यात सुट्टीवर येणार होता, त्याची माणसं मुलुंडला. निरोप स्पष्ट होता, मुलगी उजळ हवी. ताई गव्हाळ. पण आईच्या मते तो उन्हाने चढलेला रंग होता, आणि चढलेला रंग उतरवता येतो. मग काय, सकाळी बेसन आणि साय, संध्याकाळी दुधात वाटलेली मसूरडाळ. गच्चीवर पापड घालायला ताईला बंदी. बसमध्ये सावलीच्या बाजूची सीट तिची, उन्हाची माझी. मी उजळ होते आणि माझं लग्न लांब होतं, त्यामुळे मी करपले तरी चालणार होतं.

शिवाय आई देवीपुढे बोलून बसली होती, ताईचं लग्न ठरेपर्यंत चहात साखर घेणार नाही. एरवी तिचा चहा म्हणजे पाकच असायचा.

मुलगा बघायला येणार त्याच्या तीन दिवस आधी ताई मला म्हणाली, "एकदा मार्वेला समुद्रावर जाऊ या गं. मग आहेच वाळवंट."

लांब बाह्यांचा ड्रेस आणि नवी फुलांची छत्री, या अटीवर आईने सोडलं. छत्री माझ्या हातात दिली आणि ताईच्या डोक्यावरून ती हलता कामा नये असं बजावलं. मालाडला बस धरली. मस्कतला नारळ मिळत असेल का, ओले बोंबील मिळत असतील का, असं काहीबाही ताई बोलत होती, आणि मला एकदम कळलं की ही खरंच जाणार. माझी वेणी कोण घालणार, बीजगणित कोण समजावणार, आईचा धपाटा मधे हात घालून कोण अडवणार? कारण एवढंच. तिच्या भल्याचा विचार त्यात नव्हता. उतरताना मी टाचेने छत्री आत ढकलली.

बस गेल्यावर ताईने माझे रिकामे हात पाहिले. "वाट लागली," ती म्हणाली. मग वर उन्हाकडे पाहून हसतच सुटली.

काय दिवस होता तो! बाह्या कोपरावर गेल्या, चपला हातात आल्या. ओहोटीच्या ओल्या वाळूत आम्ही लांबवर गेलो, लंगडी घातली, खेकड्यांमागे धावलो, तिखटमीठ लावलेली कैरी दात आंबेपर्यंत खाल्ली. वाळूत सुकट पसरणारी एक बाई म्हणाली, "तुम्हालाही पालथं घालू का गं पोरींनो? एका बाजूने झाल्या."

घरी परतलो तेव्हा ताईचं नाक तांब्यासारखं झालं होतं. तळमजल्याच्या मालवणी काकींनी पायरीवरच अडवलं, "काय गो ह्या? चेडवाचो रंग खंय गेलो?" चाळीतून दही आलं, काकडी आली, टोमॅटो आले. तीन दिवस ताईला कोशिंबिरीचा वास येत होता. मी दोन धपाटे खाल्ले, आणि छत्री विसरले हेच सांगत राहिले.

रविवारी माणसं आली. मुलाची आत्या पोहे खाताना ताईच्या हाताकडेच बघत होती. शेवटी तिने ताईला मनगटावरचं घड्याळ काढायला सांगितलं. पट्ट्याखालची कातडी गोरी होती.

"म्हणजे मूळ रंग हा," आत्याबाई जरा आशेने म्हणाल्या.

ताई म्हणाली, "तो घड्याळाचा. बाकीचा माझा."

बाबांना ठसका लागला. मुलगा मात्र हसला. चांगलं हसला. ते मी पाहिलं, आणि ते मला अजून टोचतं. चार दिवसांनी निरोप आला, योग नाही.

ताई त्या दिवशीही माझी वेणी घालताना गुणगुणत होती. दोन वर्षांनी ती लग्न होऊन बोरिवलीत गेली, बांधकामावर उन्हातान्हात उभ्या राहणाऱ्या, तिच्याहून चार छटा काळ्या, झकास माणसाच्या घरात. दोघं अजून बसमध्ये मुद्दाम उन्हाच्या बाजूला बसतात. पण ती दोन वर्षं आई बिनसाखरेचा चहा प्यायली. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, माझंच चुकलं, छत्री लहान पोरीच्या हातात द्यायला नको होती. मी समोर बसून माझा गोड चहा संपवायचे.

गेल्या रविवारी आईला सांगितलं. ती आता पंच्याऐंशीची आहे आणि साखर डॉक्टरांनीच बंद केली आहे. चहा पुढे ठेवला आणि सगळं बोलले, टाचेसकट. तिने चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"फुलांची ना?"

"हो."

"छान होती गं." मग तिने कप माझ्याकडे सरकवला. "आज दोन चमचे घाल. आणि कुणाला सांगू नकोस. तुला जमतं ते."

मी एकच घातला, आणि दोन घातले म्हणाले.

घोट घेऊन आई म्हणाली, "एकच आहे."