पिंजरेकाकांची दया

जंगलापलीकडची अणुभट्टी फुटली त्याला वीस वर्षं होत आली होती. कुंपणाआतल्या जंगलात उंदीर धरायचं काम पिंजरेकाका अकरा वर्षं करत होते. सकाळी साठ पिंजरे पाहायचे, सापडलेले उंदीर डब्यात घालून किरणोत्सर्गाच्या तपासणी केंद्रात पोहोचवायचे. शेजारीण म्हणायची, "काका म्हणजे उंदरांचे यमदूत हो!"

पण या यमदूताचा एक नेम होता. पोटुशी मादी सापडली की ते तिला तिथेच सोडून देत. एका जिवाचं पाप देव माफ करील, पोटातल्यांचं कसं करील? काकांची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती. हाताला ते मऊ, जड पोट लागलं की त्यांची बोटं आपोआप सैल व्हायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

यंदा केंद्राचा अहवाल तयार झाला. उंदरांच्या नव्या पिढ्या धडधाकट आहेत, कुंपणालगतच्या घरांत माणसांनी परतायला हरकत नाही. पहिल्याच यादीत काकांच्या लेकीचं घर होतं. तिला पाचवा महिना लागला होता आणि पाळणा कुठल्या खोलीत ठेवायचा हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

सही करण्याआधी केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, अकरा वर्षांत एकही गाभण मादी नाही? तुमच्या जंगलात सगळ्या ब्रह्मचारिणीच की काय?"

काकांना उमगलं. बोललं तर लेकीचं घर जाणार. न बोललं तर लेक तिथे राहायला जाणार.

"मी सोडत होतो त्यांना, बाई. दया येऊन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, जगले-वाढले तेवढेच आणलेत तुम्ही! पोटातच मेले ते कुणी मोजायचे?"

पुढच्या आठवड्यात काकांनी नऊ पोटुश्या माद्या स्वतःच्या हातानं आणून दिल्या. त्यांच्या पोटात एकावन्न पिल्लं निघाली. एकोणीस मेलेली. उरलेल्यांतल्या बऱ्याच पिल्लांच्या पेशींत गुणसूत्रं तुटलेली. त्या माद्यांच्या आज्या-पणज्याही स्फोटानंतर जन्मलेल्या होत्या, तरी बिघाड पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला होता.

परतणं रद्द झालं. शेजारणीचंही नाव त्या यादीत होतं. ती दारातूनच म्हणाली, "पुण्य तुम्ही केलंत आणि फळ आम्हाला!"

लेक मात्र रडली नाही, भांडली नाही. दुपारी पोटावर हात ठेवून तिनं विचारलं, "बाबा, त्यातली एखादी उंदरीण लांब, चांगल्या जंगलात नेली असती, तर तिची पिल्लं नीट निपजली असती?"

"का गं?"

"भट्टी फुटली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिथेच खेळत होते."

'देवावर भरवसा ठेव' हे शब्द काकांच्या ओठांवर आले आणि तिथेच थिजले.

"उंदरांचं मला कळतं, बाळा," ते म्हणाले, "माणसांचं नाही."

"मग ज्यांना कळतं त्यांच्याकडे चला," असं म्हणत ती भिंतीला धरून उठली.