कॅमेरा चालू असेपर्यंत मैत्रीण

“सीन सोंपलो न्ही गो? मागीर उठ थंयसून.”

मी उठले. सोप्यावरून, म्हणजे भाटकाराच्या दारातल्या ओट्यावरून. दोन मिनिटांपूर्वी तिथेच रेवाच्या मांडीला मांडी लावून बसले होते आणि शूटिंगची सगळी माणसं श्वास रोखून आमच्याकडे बघत होती. आता तीच माणसं चहाच्या कपात बघत होती. रेवाही. मला उठवणारी तिची आई, भाटकारीण; आम्ही तिला वयनीबाय म्हणतो. लाज वाटली. राग मागाहून आला, आणि तोही आधी स्वतःचाच आला. म्हटल्याबरोबर माझे पाय उठले कसे?

आम्ही गोव्यातल्या सर्वण गावात या भाटकारांचे मुंडकार. जमीन त्यांची, तिच्यावरचं घर तीन पिढ्या आमचं. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या, मग बाबाही गेले. मी डिचोलीला बायकांना शिवण शिकवते आणि गावच्या नाटकात दरवर्षी काम करते. राणी झालेय, खाष्ट सासू झालेय.

रेवा शहरात असते. हा तिचा पहिला सिनेमा, स्वतःच्या हिमतीवर केलेला. विषय आमची मैत्री. भाटकाराची मुलगी मुंडकाराच्या मुलीला वाचायची गोडी लावते, हात धरून उभी करते. तिची भूमिका तीच करणार, माझी मी. नावंसुद्धा आमचीच. पुस्तकं तिने दिली हे खरं. ते मी विसरणार नाही. पण मे महिन्याच्या सुट्टीत तिला ओहोळात पोहायला मी शिकवलं. पहिली पाळी आली तेव्हा ती रडत माझ्याकडे आली आणि मी तिला माझ्या आईकडे नेलं. त्यातलं काहीच कथेत नव्हतं. विचारलं तर म्हणाली, “लांबी वाढते गं.”

घोळ माझ्या जिभेने घातला. सिनेमात मी तिला नुसतं ‘रेवा’ म्हणायचं होतं. तोंडातून यायचं ‘रेवाबाय’. जन्माची सवय. कट. पुन्हा रेवाबाय. पुन्हा कट. सगळे हसायचे, मीही हसायचे. आठव्या वेळी जमलं. रेवाने मला मिठी मारली.

“बघ, किती सोपं होतं.”

मी वेडी, त्याच आनंदात जेवताना म्हणाले, “रेवा, मीठ दी.”

वयनीबाय वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, “रेवाबाय म्हण गो. हें शूटिंग न्हय.”

रेवाने ऐकलं. मीठ मात्र दिलं.

घरी आईला सांगितलं. आमच्या छपराचे वासे कुजलेत. दुरुस्तीच्या कागदावर वयनीबायची सही हवी होती आणि ती शूटिंग संपल्यावर करणार होती. आई म्हणाली, “तोंड धांपून राव. सय जांव दी पयलीं.”

तोंड मिटून राहिले. सकाळी मैत्रीण, चहाला मुंडकार. दुपारी मैत्रीण, जेवणाला मुंडकार. असे अकरा दिवस. तोंड उघडावं तर आईच्या डोक्यावरचं छप्पर जाणार, मिटावं तर माझं मीपण. रात्री झोप यायची नाही, सकाळी मेकअपवाली डोळ्यांखाली पावडर थापायची.

बाराव्या दिवशी शेवटचा सीन. मी रेवाचे हात धरून म्हणायचं होतं, “तू होतीस म्हणून मी माणूस झाले.” वाक्य पाठ होतं. उभी राहिले आणि म्हटलं, “हे मी बोलणार नाही.”

रेवा जवळ आली. हळूच म्हणाली, “अगं, सगळा सिनेमा या वाक्यावर उभा आहे.”

“मग वयनीबायला आत्ता सगळ्यांसमोर सांग, ही मला रेवा म्हणणार.”

“आई आता या वयात बदलणार आहे का? तू तरी समजून घे.”

समजून घे. चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?

“मी आधीपासून माणूस होते, रेवा.”

कॅमेरा बंद होता. तो बंद असतानाच मला हे म्हणायचं होतं. सिनेमाची साडी सोडून घडी करून ठेवली, माझी नेसले आणि घरी आले.

सही झाली नाही. कागद तसाच परत आला. छपरावर ताडपत्री घातली. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. रेवाचा मेसेज आला, की शेवट दुसऱ्या तऱ्हेने उरकला. मला वाईट वाटलं. ती मला अजून आवडते, आणि याचाच जास्त संताप येतो.

पाचव्या दिवशी आईला घेऊन डिचोलीच्या मामलेदार कचेरीत गेले. कायद्याने मुंडकाराला घराचा हक्क आहे, तेव्हा घर तिच्या नावावर नोंदवा, असा अर्ज घातला. माझ्याकडे न बघता आईने सही केली. बाकावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, “वर्सां वतलीं गो.”

जाऊ देत वर्षं. प्रत्येक तारखेला मी तिथे उभी असेन. समोर वयनीबाय असेल. तिच्या शेजारी रेवा बसली, तर बसू दे. घर कुणाचं असं विचारलं, की मी माझ्या आईचं पूर्ण नाव सांगणार आहे आणि ते कागदावर उतरवून घेतल्याशिवाय जागची हलणार नाही.