धुराचं वावडं

हुलसूरचा एक कापडवाला मेलेल्या बापाची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल नीट करायला माझ्या बीदरच्या गॅरेजात घेऊन आला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता. मी नवा पिस्टन बसवला, टाकी रंगवली आणि बजावलं, "पेट्रोलात ऑइल मिसळल्याबिगर किक मारू नका."

खंडेनवमीच्या तोंडावर गाडी टेम्पोत आडवी होऊन परत आली. पिस्टन जाम. ऑइल कामून घातलं न्हाई, म्हणून विचारलं.

"अण्णा, ऑइल घातलं की धूर लई निघायलाय. गाडीवर बसून काढलेले फोटो खराब व्हायलेत."

माझ्या तोंडाची चवच गेली. तरी म्हटलं, पुन्हा खोलतो. तर म्हणाला, "राहू द्या की. दुकानात नुसती उभी करायचीय. आतलं कुणाला दिसायलंय?"

खंडेनवमीला त्यानं मला पूजेला बोलावलं. भिंतीवर बापाचा हार घातलेला फोटो, खाली ती गाडी. आता कधीच न फिरणाऱ्या चाकाखाली त्यानं रीतसर लिंबू ठेवलं होतं. मग मूठभर उदबत्त्या पेटवून हँडलात खोचल्या. सगळं दुकान धुरानं भरलं, आणि त्या धुरात हात जोडून तो फोटो काढून घेत राहिला.