चार मजले, दोन बादल्या

ती माझी धाकटी बहीण. सख्खी, माझ्या पाठची. परदेशातले लोक तिच्या पुस्तकाची पारायणं करतात. पण तिला बोलती केली ती मी. हे कुणी लिहीत नाही, म्हणून मीच सांगतो. शिक्षण माझं सातवी. लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात गेली आणि मी हात लावलेली लिफ्ट परत कधी अडकली नाही.

पाच वर्षांची होईपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. सगळे तिला मुकीच म्हणायचे. आई समोर बसून विचारायची, "बाळा, काय हवंय? बोल की गं!" ही आपली भिंतीकडे बघणार. एकदा इमारतीची लिफ्ट बंद पडली. मी पाण्याच्या दोन बादल्या चार मजले चढवल्या आणि शेजारच्या काकूंना ऐटीत सांगितलं, "एकदाही थांबलो नाही!"

मागून आवाज आला, "दोनदा थांबला."

आई आनंदाने रडायला लागली आणि मी खोटारडा ठरलो.

त्या दोन शब्दांवर तिचं सगळं नाव उभं आहे. मानसशास्त्र शिकली, इस्पितळात लागली. तिथे एक बसड्रायव्हर होता. अपघातानंतर त्याची वाचा बसली होती, घशाला मात्र काही झालेलं नव्हतं. सगळे डॉक्टर विचारायचे, "काय झालं होतं?" तो गप्प. ही त्याच्याशेजारी बसून त्याच्या रूटचे स्टॉप म्हणायची, तेही उलटसुलट. तिसऱ्या दिवशी तो खेकसला, "अहो बाई, शाळा आधी, मग पूल!"

तिचं म्हणणं एवढंच, की माणूस प्रश्न सोडून देतो, चूक सोडून देत नाही. याला ती 'चूक टाकणं' म्हणते, गळ टाकतात तसं. आज तिचे विद्यार्थी देशोदेशी चुका टाकत बसलेत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलंय, 'दादाला, जो दोनदा थांबला.' ते पान मी ओळखीच्या प्रत्येक लिफ्टमनला दाखवलंय.

आणि यंदा तिचीच वाचा गेली. मेंदूत रक्ताची गुठळी. हातपाय शाबूत, पण शब्द नाहीत. तिला आमच्याकडे आणली. तिच्याच हाताखाली शिकलेला डॉक्टर म्हणाला, "दादा, पहिले तीन महिने महत्त्वाचे. शब्द आले तर तेवढ्यात. आणि आले तरी कदाचित भलतेच येतील."

भलते तर भलते, पण येऊ देत! मी रोज चूक टाकायला लागलो. "तू मॅट्रिकला नापास झाली होतीस." काही नाही. "तुझं पुस्तक मीच लिहिलं." काही नाही. बायको म्हणाली, "तुमच्या थापा ऐकून मेलेला माणूससुद्धा उठून भांडेल. आणि ही..." वाक्य तसंच टाकून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तीन महिने भरले त्या दुपारी मी शेवटचा हुकमी पत्ता काढला. खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मुके, ऐक. चार मजले, दोन बादल्या. एकदाही थांबलो नाही."

ती खिडकीकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा तर ओरडलोच. तिने कूस बदलली.

मग माझा धीर सुटला. "दोनदाही नाही गं, तीनदा थांबलो होतो. एकदा अगदी खाली. तुला दिसलं नाही. हात सोलवटले होते, पायरीवर बसून रडलो." पन्नासेक वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिची पाठ हलली नाही.

त्यानंतर मी गप्प झालो. जेवलो नाही. बायको विचारत राहिली, "अहो, काय होतंय? बोला ना!" मी भिंतीकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहा पुढे केला तरी मी हूं की चूं केलं नाही. तेवढ्यात पलंग करकरला. मुकी उठून बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. ओठ कसेबसे वळवत, अडखळत म्हणाली, "धा... धाकट्या."

"धाकटा कोण?" मी ताडकन उठलो. "थोरला आहे मी! थोरला!"

बायकोच्या हातात कप तसाच होता. "बोललात बाई एकदाचे," ती म्हणाली.